मी विचार करते

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त शिकवायला घेतला की फळ्यावर एक वाक्य लिहायचं, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे.' पाठ्यपुस्तकात तसंच छापलेलं असतं. मीही तसंच शिकले आणि तसंच शिकवत आले. काही वर्षांपूर्वी एका मुलीला ते वाक्य मोठ्यानं वाचायला सांगितलं. सोलापूरकडच्या खेड्यातून आलेली, मागच्या बाकावर बसणारी मुलगी. तिनं वाचलं, 'मी विचार करते, म्हणून मी आहे.' वर्ग हसला. मला वाटलं, वाचताना चुकली. 'फळ्यावर आहे तसं वाच,' म्हटलं. ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, 'मॅडम, वाचतेय मी. मग मी विचार करतो असं कसं म्हणू?'

वर्गात कोल्हापूरची एक मुलगी होती. ती म्हणाली, 'आमच्याकडं आम्ही मुली करतोच म्हणतो.' पुन्हा हशा पिकला आणि तास संपला. त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात मात्र ते एकच क्रियापद घोळत होतं.

देकार्तनं १६३७ साली हे वाक्य फ्रेंचमध्ये लिहिलं. सगळ्यावर शंका घेत तो निघाला होता. डोळ्यांना दिसतं त्यावर, स्वतःच्या हातापायांवर, देहावरसुद्धा. उरला तो फक्त विचार करणारा 'मी'. त्याला शरीर नाही, गाव नाही, जात नाही, बाई-पुरुष असणं नाही. फ्रेंचमध्ये हे वाक्य बाईनं म्हटलं काय किंवा पुरुषानं म्हटलं काय, एक अक्षर बदलत नाही. प्रमाण मराठीत ते जमत नाही. 'मी विचार' इथपर्यंत देकार्त आपल्याबरोबर असतो, पुढचं क्रियापद आलं की टाकून दिलेला देह दारात उभा. 'मला वाटतं' असं म्हणून सुटता येतं म्हणा. पण मग विचार करणारी कर्तेपणातूनच उतरते, तिला नुसतं काहीतरी 'वाटतं'. आपल्या भाषेत बाईनं विचाराची कर्ती व्हायचं तर आधी बाई म्हणून समोर यावं लागतं. ही व्याकरणातली गंमत म्हणून सोडून देता येत नाही. जाणणारा कोण आहे यानं जाणण्यात फरक पडतो का, हा ज्ञानमीमांसेतला, म्हणजे ज्ञानाविषयीच्या तत्त्वज्ञानातला, मूळ प्रश्न आहे आणि तो त्या मुलीनं मागच्या बाकावरून विचारला होता.

देहाचा हाच प्रश्न देकार्तला त्याच्या हयातीत एका बाईनं विचारला होता. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं १६४३ मध्ये त्याला पत्र लिहिलं. आत्मा जर अवकाश व्यापतच नसेल, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्तला याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही. पुढे तत्त्वज्ञानात मन आणि शरीर यांच्या संबंधावर जे लिहिलं गेलं, त्याची सुरुवात या पत्रात आहे. मी एम. ए. झाले तोवर एलिझाबेथचं नावही माझ्या कानावर आलं नव्हतं.

ती मुलगी पुढे तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाली, नेट ही अध्यापकीची पात्रता परीक्षाही उत्तीर्ण झाली. पीएचडीसाठी तिनं विषय निवडला 'विटाळ'. सोयराबाई, जनाबाई, बहिणाबाई या संत कवयित्रींच्या रचनांतून देह आणि शुद्धता यांचा विचार कसा होतो, ते तिला तपासायचं होतं. विद्यापीठातल्या मुलाखतीत समितीतल्या एका सदस्यांनी तिला विचारलं, 'यात तत्त्वज्ञान कुठं आहे?' दुसऱ्यांनी सुचवलं, मराठी विभागात जा. तिसऱ्यांनी समाजशास्त्राचा रस्ता दाखवला. निघताना कुणीतरी आपुलकीनंच म्हणालं, 'अहो, स्त्री-अभ्यास केंद्र असतं की, तिथं बघा ना.' कुणी अपमान केला नाही, कुणी आवाज चढवला नाही. तिचा प्रश्न मात्र प्रत्येकानं शेजारच्या दारात नेऊन ठेवला.

गेली काही वर्षं मी या एका प्रश्नाशी भांडते आहे. स्त्रीवादी तत्त्वज्ञान हे तत्त्वज्ञानच आहे, त्याची सामग्री मराठीत मुबलक आहे, आणि ते शिकू पाहणाऱ्या मुलीला आपल्या विद्यापीठांत उभं राहायला स्वतःची जागा नाही, हे माझं म्हणणं आहे. तिला चार विभागांत फिरवणं आपण थांबवलं पाहिजे.

'तत्त्वज्ञान कुठं आहे?' या प्रश्नाचं उत्तर मी तिच्याच विषयापासून देते. 'देहासी विटाळ म्हणती सकळ' असं सोयराबाई चौदाव्या शतकात म्हणते. आत्मा निर्मळ आहे, शुद्ध आहे, इथपर्यंत तिचं कुणाशी भांडण नाही. अद्वैती पंडितही हेच सांगतो. पण पंडित आत्म्याच्या शुद्धतेपाशी थांबतो आणि देहाचं सोवळं-ओवळं जसंच्या तसं चालू ठेवतो. सोयराबाई पुढे जाते. देहाचा विटाळ देहातच जन्मला, आणि त्या विटाळावाचून जगात एकही देह निर्माण झालेला नाही. मग सोवळा कोण? प्रतिपक्षाचं गृहीतक मान्य करायचं आणि त्यातूनच त्याला न पेलणारा निष्कर्ष काढून दाखवायचा, ही पद्धत तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. तिथं उदाहरणं ग्रीक देतात. सोयराबाई ही संत चोखोबाची बायको. महार म्हणून आणि बाई म्हणून, दोन्हीकडून विटाळ तिच्या अंगावर आहे, आणि ती एकाच युक्तिवादानं दोन्ही खोडते.

आता २०१८ साली या. शबरीमला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात म्हटलं की मासिक पाळीवरून स्त्रियांना वगळणं हा अस्पृश्यतेचाच प्रकार आहे, संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदानं निषिद्ध केलेला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी वेगळं मत नोंदवलं. पाळीचा विटाळ आणि जातीचा विटाळ एकच का? दोन्हींच्या मुळाशी शुद्धतेची तीच कल्पना आहे का? देशाचं सर्वोच्च न्यायालय ज्या संकल्पनेवर विभागलं, त्या संकल्पनेचं विश्लेषण तत्त्वज्ञानाच्या विभागात नाही करायचं, तर कुठं करायचं?

संमतीचं उदाहरण याहून टोकदार आहे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. खटल्याच्या इतिहासात ती मथुरा या नावानं ओळखली जाते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरताना एक भेद केला होता. भीतीपोटी निमूट शरीर स्वाधीन करणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा संमती असावी, असं ते तर्कट होतं. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातला गाभ्याचा मुद्दा असा, की संमतीत शरण जाणं येतं, पण त्याच्या उलट म्हणता येत नाही.

तर्कशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे ओळखू येईल. सर्व अ हे ब आहेत, यावरून सर्व ब हे अ आहेत असं निघत नाही. विधानाचं परिवर्तन करताना होणारी ही चूक आम्ही अकरावी-बारावीच्या मुलांना कावळे आणि काळे पक्षी यांच्या उदाहरणानं शिकवतो. इथं त्या चुकीवर एका मुलीच्या आयुष्याचा निकाल लागला होता. त्या पत्रानंतर देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा गुन्ह्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असं स्त्रीनं सांगितलं, तर ती नव्हती असंच न्यायालयानं गृहीत धरावं, ही तरतूद आली. एका संकल्पनेचा काटेकोर भेद रस्त्यावर गेला आणि तिथून विधिसंहितेत आला. मी तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. त्यातली पहिली पंधरा वर्षं ही गोष्ट वर्गात एकदाही सांगितली नाही. कारण ती 'आमच्या विषयातली' नव्हती.

याच भूमीत त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं रखमाबाईनं हा प्रश्न दुसऱ्या बाजूनं उभा केला होता. अकराव्या वर्षी लागलेलं लग्न, ज्याला तिनं कधी होकार दिला नाही, ते तिला बांधील कसं? १८८४ मध्ये तिचा नवरा दादाजी भिकाजी यानं ती नांदायला यावी म्हणून मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिनं तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. बंधन स्वीकारण्यासाठी संमती लागते, हे सामाजिक कराराचं तत्त्व लॉक आणि रूसो यांच्या नावानं आपण पानंच्या पानं शिकवतो. रखमाबाईनं ते तत्त्व घराच्या उंबऱ्याच्या आत लागू करून पाहिलं. तिचं नाव मात्र राजकीय तत्त्वज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत मला कधी दिसलं नाही.

'हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे' असं म्हणणारे भेटतात तेव्हा मी त्यांना सन विचारते. फ्रेंच स्त्रीवादी तत्त्वज्ञ सिमॉन द बोव्हार यांचं मोठं पुस्तक आलं १९४९ साली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' आलं १८८२ साली. सुरतेच्या एका विधवेला आपल्या नवजात बाळाच्या हत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर ताशेरे झडू लागले, आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. पद्धत सरळ. बाईच्या माथी जो जो दोष मारला जातो, तो तो उचलायचा आणि त्याच मापानं पुरुषाला मोजायचं. नियम सर्वांना सारखा लागू होत नसेल तर तो नैतिक नियमच नव्हे, हे जर्मन तत्त्वज्ञ कांटचं म्हणणं ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ताराबाईंचं पुस्तक नुसतं संतापाचं कसं वाटू शकतं? त्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ताबाईनं 'ज्ञानोदय' या नियतकालिकात लिहिलं. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्ही धर्मरहित ठरलो, मग आमचा धर्म कोणता ते तरी सांगा. हाही युक्तिवाद आहे, आणि कोंडीत पकडणारा आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी दाखवलं की जातीचं कुंपण टिकतं ते बाईवरच्या नियंत्रणानं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा उगम त्यांनी जातीअंतर्गत लग्नाच्या सक्तीत शोधला. आज जगभर जात, वर्ग, लिंगभाव एकत्र बघायला हवेत म्हणून जे सांगितलं जातं, त्याचा असा भक्कम पाया आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी घातला गेला.

माझ्या विद्यार्थिनीशी माझं सगळ्यात जास्त भांडण झालं ते द्रौपदीवरून. इरावती कर्वे या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या, मग समाजशास्त्राकडे आणि मानववंशशास्त्राकडे गेल्या. 'युगान्त'मध्ये त्यांनी द्रौपदीला बोल लावला आहे. भर सभेत तिनं कायद्याचा कीस काढत बसायला नको होतं, क्षात्रधर्माच्या नावानं दयेची हाक घालायला हवी होती, असं त्यांना वाटलं. मला हे पटायचं. विद्यार्थिनीला मुळीच पटलं नाही. तिचं म्हणणं असं, की युधिष्ठिर स्वतःला आधी हरला असेल तर मला पणाला लावण्याचा अधिकार त्याला होता का, हा प्रश्न विचारल्यामुळेच भीष्मासारख्या माणसाला धर्म सूक्ष्म आहे असं म्हणून थांबावं लागलं. दया मागितली असती तर दया मिळाली असती किंवा नसती. अधिकाराचा प्रश्न उरलाच नसता. 'मॅडम, तिनं रडायला हवं होतं असं म्हणणं म्हणजे मुलाखतीत मला मराठी विभागात जा म्हणणं,' असं ती म्हणाली. मी गप्प झाले. आता मला तिचंच बरोबर वाटतं.

इतकी सामग्री हाताशी असताना मुलीची वाट अडते कुठं? इथं विद्यापीठाच्या रचनेकडे यावं लागतं.

स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीचा अहवाल १९७४ मध्ये आला आणि स्वातंत्र्यानंतरच्या पाव शतकात बाईच्या वाट्याला काय आलं हे देशाला कळलं. त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकारानं स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. १९८२ मध्ये स्त्री-अभ्यासाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानं या विषयाला मान्यता दिली आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं केंद्रांना पैसे द्यायला सुरुवात केली. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं. विद्युत भागवत यांनी ते उभारलं. शर्मिला रेगे तिथल्याच. आंबेडकरी जलसे, लोकगीतं, दलित स्त्रियांची आत्मकथनं यांना त्यांनी ज्ञानाचा स्रोत म्हणून वर्गात आणलं, आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलामुलींना आपल्या अनुभवातून सिद्धान्ताकडे जायचा रस्ता करून दिला. २०१३ मध्ये त्या अकाली गेल्या. त्यांच्या वर्गात बसलेली माणसं आज महाराष्ट्रभर शिकवत आहेत.

पण ही केंद्रं जन्माला आली ती 'योजना' म्हणून. पंचवार्षिक योजनेबरोबर त्यांची मुदत संपायची आणि नव्या योजनेत वाढवून घ्यावी लागायची. २०१७ मध्ये बारावी योजना संपली, योजना आयोग तर आधीच गेला होता, आणि केंद्रांचं पुढे काय या प्रश्नानं देशभरचे अभ्यासक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. गणिताच्या विभागाला दर पाच वर्षांनी आपण का असावं हे पटवून द्यावं लागत नाही. स्त्री-अभ्यासाला लागतं. कंत्राटी अध्यापक, वर्षावर्षानं वाढणारे आदेश, आणि त्यातच प्रबंधाचं मार्गदर्शन. मार्गदर्शकाच्या नोकरीची खात्री नसताना मुलगी पाच वर्षांचं काम कुणाच्या भरवशावर हाती घेणार?

दुसरीकडे तत्त्वज्ञानाचे विभाग. तिथं पदं कायमची होती, पण निवृत्तीनंतर ती भरली जात नाहीत. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागेवर तासिका तत्त्वावर माणूस आला. जे आहेत त्यांच्यात स्त्रीवादी तत्त्वज्ञान गंभीरपणे करणारे मोजके. पुण्यात मीना केळकर, दीप्ती गंगावणे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तत्त्वज्ञानाच्या शिस्तीत राहून हे काम केलं आहे, म्हणजे ते होऊ शकतं. पण त्यासाठी अभ्यासक्रमात एखादी ऐच्छिक पत्रिका पुरत नाही. ज्ञानमीमांसा शिकवताना साक्षीचा, म्हणजे कुणाच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा हा, प्रश्न यावा, नीतिशास्त्रात संमती यावी, भारतीय तत्त्वज्ञानात सोयराबाई यावी. बायकांसाठी वेगळा डबा जोडला की उरलेली गाडी पुरुषांची ठरते.

नेटच्या यादीत स्त्री-अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. मुली त्यात उत्तीर्ण होतात, काहींना फेलोशिपही मिळते. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७ हजार रुपये आहेत. पण उत्तीर्ण होऊन नोकरी कुठं? बहुतेक महाविद्यालयांत हा विभागच नाही. तत्त्वज्ञानाच्या जाहिरातीला अर्ज करावा तर प्रबंध 'दुसऱ्या विषयातला' म्हणून छाननीतच बाजूला. विषयांच्या भिंती पाडाव्यात म्हणून स्त्री-अभ्यास आंतरविद्याशाखीय केला गेला, ते योग्यच होतं. पण नोकरीच्या भिंती तशाच राहिल्या, आणि त्या भिंतीवर मुली आपटतात. अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार देशात पीएचडी करणाऱ्या स्त्रिया २०१४-१५ मध्ये सुमारे ४८ हजार होत्या, २०२१-२२ मध्ये सुमारे ९९ हजार. सात वर्षांत दुप्पट. यातल्या कितीजणींना आपण असा विषय निवडायला मोकळीक दिली, ज्यात बाईचा प्रश्नच तत्त्वज्ञानाचा प्रश्न असेल?

घरचं वेगळंच. 'तुझं शिक्षण संपणार कधी' हा प्रश्न तिच्या आईचा. 'एवढं शिकलेल्या मुलीला मुलगा बघायचा कुठून' हा वडिलांचा. दोघंही प्रेमानं विचारतात. ऊसतोडीच्या पैशातून त्यांनी तिला शिकवलं आहे, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्यांना सांगता येईल असं ठाम उत्तर विद्यापीठानं तिच्या हातात द्यायला हवं होतं.

'याचा उपयोग काय?' असंही विचारतात. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. या समित्यांसमोर बहुधा साक्षीदार नसतो, एकीचं म्हणणं असतं आणि दुसऱ्याचा नकार असतो. कुणाचं म्हणणं किती विश्वासार्ह धरायचं, आणि ते ठरवताना आपले पूर्वग्रह कसे काम करतात, यावर ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये सविस्तर लिहिलं. ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याचा शब्द हलका ठरतो, हा ज्ञानाच्या क्षेत्रातला अन्याय. आणि आपल्यावर काय बेतलं ते सांगायला समाजाकडे शब्दच नसणं, हा दुसरा. आपल्याकडे जुना शब्द होता 'छेड काढणं'. त्यात गुन्हा नाही, थट्टा आहे. १९९७ च्या विशाखा निकालानंतर 'लैंगिक छळ' हा शब्द कचेऱ्यांच्या भिंतींवर लागला आणि कित्येक बायकांना वीस वर्षांपूर्वीची घटना नावानिशी कळली. अशा समित्यांवर बसायला आणि त्यांना प्रशिक्षण द्यायला संकल्पना नीट हाताळणारी माणसं हवीत. माझी विद्यार्थिनी हे काम उत्तम करेल.

आमच्या बाजूचेही दोष सांगायलाच हवेत. 'मी'ला मराठीत लिंग चिकटतं, 'आम्ही'ला चिकटत नाही. 'आम्ही विचार करतो' बायकाही म्हणतात, पुरुषही. 'आम्ही'त सगळं झाकलं जातं, लिंगही आणि जातही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवरच्या पुस्तकाला नाव दिलं 'आम्हीही इतिहास घडवला'. त्यातला 'ही' महत्त्वाचा. स्त्री-चळवळीच्या 'आम्ही'त आपण नव्हतो, असं त्या एका अक्षरातून ऐकू येतं. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये याच मुद्द्यावर लिहिलं. दलित स्त्रिया वेगळं बोलतात एवढं म्हणून बाजूला होता येणार नाही, त्यांच्या जागेवरून जग पाहायला सवर्ण स्त्रीवाद्यांनीही शिकलं पाहिजे आणि त्यात स्वतःला बदललं पाहिजे. मी ब्राह्मण घरातली. माझ्या पिढीच्या व्याख्यानांत 'स्त्री' हा शब्द आला की डोळ्यांसमोर माझीच आई यायची, उसाच्या फडातली बाई येत नसे. सोयराबाईवर लिहायचं माझ्या विद्यार्थिनीला सुचलं, मला सुचलं नव्हतं, याचं कारण बुद्धीत शोधायला नको.

भाषेचा दोष आणखी एक. लिंगभाव, पितृसत्ता, आंतरछेदिता (जात, वर्ग, लिंगभाव एकमेकांत गुंतलेले असणं) असे शब्द घडवून आम्ही मराठीत वाट केली, पण पुष्कळदा शब्द घडवला आणि विचार इंग्रजीतच ठेवला. 'लिंगभाव'च घ्या. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कपरंपरेत, 'लिंग' म्हणजे खूण, जी पाहून न दिसणाऱ्या गोष्टीचं अनुमान करायचं. धूर हे अग्नीचं लिंग. मग देहाची खूण पाहून आपण कशाकशाचं अनुमान करत आलो? स्वभावाचं, अकलेचं, जागेचं, सोवळ्या-ओवळ्याचं. नैयायिक विचारेल, व्याप्ती कुठं आहे? धूर आणि आग यांच्यासारखा अव्यभिचारी, म्हणजे कधीही न चुकणारा, संबंध देहाची खूण आणि स्वयंपाकघर यांच्यात कुणी पाहिला? हे इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही. न्याय शिकलेल्या आणि मराठीत विचार करणाऱ्या मुलीलाच ते सुचेल, आणि तिला ते मराठीत लिहू दिलं तरच ते नीट मांडलं जाईल.

म्हणून मला हवं आहे ते फार नाही. स्त्री-अभ्यास केंद्रांची पदं विद्यापीठाच्या कायम आस्थापनेवर घ्यावीत. तत्त्वज्ञानाच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि जाहिरातीत स्त्रीवादी तत्त्वज्ञान हे विशेषीकरण नावानं लिहावं. दोन विभागांतले दोन मार्गदर्शक मिळून एक प्रबंध करवून घेतील अशी सोय मनापासून वापरावी आणि तो प्रबंध दोन्ही विषयांच्या नोकरीला ग्राह्य धरावा. मराठीत लिहिलेला प्रबंध दुय्यम समजू नये. यातल्या कशालाही नवं धोरण लागत नाही, इच्छा लागते.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका विद्यापीठानं तिचा विषय स्वीकारला. फेलोशिप नाही, सकाळी दोन महाविद्यालयांत तासिकांवर शिकवते, दुपारी ग्रंथालयात बसते. परवा आराखडा घेऊन घरी आली होती. प्रकरणं नीट लागली होती. शीर्षकात तिनं देकार्तचं वाक्य घेतलं होतं, आपल्या क्रियापदासकट. अर्जात इंग्रजी शीर्षकाचा रकाना असतो, तिथं ती अडली होती. दोन तास आम्ही दोघी पर्याय काढत बसलो, एकातही 'करते' येईना. शेवटी तिनं देवनागरीतच 'करते' लिहिलं आणि म्हणाली, 'मॅडम, परत पाठवला तर बघू.'